ग्रासकटरचे झिजलेले पार्ट घरी बदलताना: बेणणीच्या आधी काय बघायचं?

कातळकडा (राजापूर)

मंडळी, गणपती झाले की बेणणी (बागेतलं गवत-झुडपं कापणं) सुरू होईल. त्याआधी ग्रासकटर मार्गी लावायचाय. ५२ सीसी, टू स्ट्रोक, खांद्याला पट्टा लावून वापरायचा, बिननावाचा चायना. दांड्याचा पाइप २८ मिमी. तक्रारी अशा:

१. रिकामा छान फिरतो. दाट गवतात घातला की इंजिन ओरडतं आणि पातं थांबतं. करपल्याचा वास येतो.
२. थंड मशीन चालू व्हायला दोरी ओढून हात गळून येतात. एकदा तापलं की पहिल्या दोरीला उठतं.
३. गिअर हेडला (पात्यावरच्या दातेरी चाकांच्या पेटीला) हात लावता येत नाही इतकं तापतं. खालून काळं ग्रीस गळतं.

गॅरेजवाला म्हणतो, गिअर हेड, क्लच, कार्ब्युरेटर सगळंच नवीन टाका. त्या पैशांत अर्धी मशीन येईल. घरी पाने, एलन की, सर्क्लिप प्लायर आहे. कुठून सुरुवात करू?

---

खारवारा (देवगड)

सगळं एकदम बदलू नका. तुमच्या तिन्ही तक्रारी तीन वेगळ्या ठिकाणच्या आहेत आणि तिन्हींत मिळून बहुधा रबर, सील आणि क्लचचे शू (ड्रमला आतून घासून पकडणारे दोन तुकडे) एवढाच खर्च आहे.

पहिली तक्रार आधी घेऊ. इंजिन ओरडतं पण पातं थांबतं, याची कारणं दोन: क्लच घसरतोय किंवा आतल्या शाफ्टचे दाते (स्प्लाईन) गेलेत. करपल्याचा वास येतो म्हणजे क्लचकडे बोट जातं, तरी खात्री करून घ्या. प्लगची टोपी काढून बाजूला करा. इंजिन पाइपापासून वेगळं करा, क्लच हाउसिंगचे चार बोल्ट असतात. आता पाइपाच्या टोकाला राहिलेला क्लच ड्रम हाताने फिरवा. ड्रमबरोबर पातं फिरलं तर शाफ्ट ठीक. ड्रम फिरतो आणि पातं उभंच, तर शाफ्टचे किंवा गिअरच्या पिनियनचे (छोट्या दातेरी चाकाचे) दाते घासलेत. अशा वेळी क्लच कितीही नवा टाका, उपयोग शून्य.

शाफ्ट ठीक असेल तर शू बघा. घासायच्या पृष्ठभागावर अस्तर उरलंय का, की लोखंड लागतंय? ड्रमच्या आतून बोट फिरवा. नखाला चर लागत असेल किंवा ड्रम निळा पडला असेल तर ड्रमही बदला. नुसता गुळगुळीत चकचकीत झाला असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवा घासून घ्या, चालून जातो.

शू नेहमी जोडीने घ्यायचे आणि स्प्रिंगही त्याबरोबर नवी. एक जुना एक नवा ठेवलात तर कंपन वाढतं, मग ड्रमचं बेअरिंग जातं.

---

खारवारा (देवगड)

वरच्यात राहिलं. शूचे दोन बोल्ट सुलट आट्याचेच असतात, पण घट्ट बसलेले असतात आणि पाना लावला की फ्लायव्हीलही फिरतं. फ्लायव्हीलच्या पंखांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून ओढू नका, पंख तुटतो. अॅल्युमिनियम आहे. प्लग काढून त्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचा तुकडा सिलिंडरमध्ये सोडायचा. दोरी पिस्टन आणि सिलिंडरच्या वरच्या टोकाच्या मध्ये दबते आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा) अडतो.

इथे एक खाचखळगा आहे. पिस्टन खाली असताना दोरी सोडलीत तर ती एक्झॉस्टच्या भोकात शिरते आणि पिस्टन वर येताना कापली जाते, तुकडा आत राहतो. म्हणून पिस्टन वर चढत येऊन एक्झॉस्ट झाकल्यावरच दोरी टाका. सायलेंसर काढला असेल तर समोरच दिसतं. नसेल तर प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची स्ट्रॉ टाकून अंदाज घ्या, पिस्टन साधारण पाऊण वर हवा. बोल्ट ज्या दिशेला फिरवायचा त्याच दिशेने क्रँक फिरवत पिस्टन वर आणायचा, म्हणजे जोर लावला की दोरी दबते. उलट आणलात तर पिस्टन मागे पळतो.

वॉशरचा क्रम खोलायच्या आधी मोबाइलवर टिपून ठेवा. बोल्ट पूर्ण आवळल्यावर शू बोटाने ढकलला तर बोल्टाभोवती मोकळा फिरला पाहिजे. अडत असेल तर वॉशर चुकलाय. शूवर बाण असेल तर तो इंजिन फिरायच्या दिशेला.

---

सुपारीबाग (गुहागर)

दुकानात जाताना "५२ सीसीचा क्लच द्या" असं म्हणू नका. ड्रमचा आतला व्यास मोजून न्या. ७६ आणि ७८ मिमी असे दोन्ही येतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. ७८ च्या ड्रममध्ये ७६ चा शू टाकला तर तो उशिरा पकडतो आणि पुन्हा करपतो. शूच्या दोन बोल्टांमधलं अंतरही मोजा. जुना सोबत नेणं सगळ्यात बरं.

गिअर हेडचंही तसंच. पाइप २६ की २८, आणि शाफ्टचे दाते ७ की ९. चारही जोड्या बाजारात मिळतात आणि बाहेरून सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात.

---

पाणंद (दापोली)

दुसऱ्या तक्रारीबद्दल. थंड असताना उठत नाही आणि गरम असताना उठतं, म्हणजे पेट्रोल वर चढायला वेळ लागतोय किंवा चोक नीट बंद होत नाहीये. कार्ब्युरेटर बदलण्याआधी या क्रमाने बघा:

चोकची पट्टी पूर्ण बंद होते का. फिल्टरची पेटी काढून डोळ्यांनी बघा, काडी हलली म्हणजे पट्टी हलली असं नाही.

पंपाचा फुगा (प्रायमर) दाबल्यावर पेट्रोलने भरतो का. भरत नाही, नुसते बुडबुडे येतात, तर टाकीतल्या पाइपाला चीर आहे. ही चीर बहुतेक वेळा टाकीच्या रबरी बुचात, जिथे पाइप दाबलेला असतो तिथेच पडते आणि बाहेरून दिसत नाही. पाइप बाहेर ओढून वाकवा, कडक झाला असेल किंवा चिरा उघडल्या तर दोन्ही पाइप बदला. जाडी २.५×५ किंवा ३×५ मिमी अशी असते (आतली × बाहेरची). नवा पाइप भोकातून जात नाही म्हणून लोक भोक मोठं करतात, मग ते गळतं. पाइपाचं टोक तिरकं कापा, सुईसारखं, थोडं टू टी ऑइल (टू स्ट्रोकचं तेल) लावा आणि आतून चिमट्याने ओढा.

दोन पाइप उलटे लागले तर फुगा कधीच भरणार नाही. टाकीच्या तळाशी फिल्टर लावलेला तो ओढायचा पाइप, दुसरा परतीचा. टाकीतला फिल्टर दर हंगामाला नवीन. सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

हे सगळं ठीक असेल तर मग कार्ब्युरेटरचा डायफ्राम. काढून बघा, मधला पडदा कापडासारखा मऊ हवा. वाळक्या पानासारखा आवाज करत असेल तर गेला. किट मिळतं. बसवताना क्रम: मीटरिंगच्या बाजूला (मध्ये गोल बटण असलेला पडदा) बॉडीवर आधी गॅस्केट, मग पडदा. पंपाच्या बाजूला उलटं, बॉडीवर आधी पडदा आणि मग गॅस्केट. हे उलटसुलट झालं की मशीन उठते पण धापा टाकते. मीटरिंगच्या खालचा छोटा लिव्हर वाकवू नका, त्याची उंची बिघडली तर एकतर पेट्रोल सांडतं किंवा येतच नाही.

---

डोंगरउतार (चिपळूण)

किटचं एवढं कौतुक नको. बिननावाच्या मशीनला अख्खा कार्ब्युरेटर किटपेक्षा फार महाग नसतो. किट बसवून, साफ करून, परत खोलून दिवस घालवण्यापेक्षा नवीन टाकावा आणि मोकळं व्हावं.

---

पाणंद (दापोली)

डोंगरउतार, बिननावाच्या मशीनला तुमचं म्हणणं पटतं, नाव असलेल्या कंपनीच्या मशीनला नाही. तिथे मूळ कार्ब्युरेटर महाग पडतो आणि नक्कल घेतली तर आतली जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वेगळी निघते. शिवाय पाइपाला चीर असताना नवा कार्ब्युरेटर टाकला तरी तक्रार तीच राहते, म्हणून पाइप आणि फिल्टर आधी.

---

वाडीवरची (वेंगुर्ला)

पेट्रोलबद्दल विचारायचं होतं. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. पाइप आणि डायफ्राम लवकर जातात ते यामुळेच का? मग किती दिवस भरून ठेवायचं?

---

खारवारा (देवगड)

ताई, त्याने जातात हे खरं, पण सगळे नाही. जुन्या मशीनचं रबर इथेनॉल लक्षात घेऊन बनवलेलं नव्हतं, ते फुगतं किंवा कडक होतं. नवीन पाइप घेताना इथेनॉल चालणारा मागा.

आपल्याकडे जास्त नुकसान पाण्याने होतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि आषाढ-श्रावणात किनाऱ्यावरची हवा म्हणजे पाणीच. पाणी वाढत गेलं की एका क्षणी इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर तळाचंच ओढतो. टू स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबर जातं आणि त्या तळच्या थरात तेल जवळपास नसतंच. म्हणजे इंजिनला मिळतं पाणी आणि इथेनॉल, वंगण नाही. पिस्टनला उभे ओरखडे पडतात आणि मग माणूस म्हणतो "तेल तर बरोबर घातलं होतं".

मिश्रण लागेल तेवढंच, आठ-पंधरा दिवसांचं करा. डबा घट्ट झाकणाचा आणि शक्यतो भरलेला, अर्ध्या डब्यात दमट हवा जास्त. काम थांबणार असेल तर टाकी रिकामी करा, फुगा दाबून पाइप रिकामा करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. शंका असेल तर टाकीतलं काचेच्या बाटलीत ओतून उन्हात धरा, खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर फेकायचं. चुलीत नाही.

---

डोंगरउतार (चिपळूण)

आणि तेल किती? इथे प्रत्येकाचं माप वेगळं. कोणी झाकणाने घालतो, कोणी रंग बघून.

---

सुपारीबाग (गुहागर)

रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. मशीनच्या पुस्तकात जे लिहिलंय ते. एका लिटरला: २५:१ म्हणजे ४० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. बिननावाच्या मशीनवर बहुतेक २५:१ लिहिलेलं असतं. नावाजलेल्या कंपन्या स्वतःच्या तेलाला ५०:१ सांगतात. डब्यावर एफसी किंवा एफडी दर्जा बघा, एफडी सगळ्यात स्वच्छ जळतं. दुचाकीचं फोर स्ट्रोक ऑइल मिसळणारे लोक अजून आहेत. ते नीट मिसळतही नाही आणि जळतही नाही, प्लग काळा आणि सायलेंसर बंद.

औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं मापाचं झाकण ठेवून द्या, त्यावर मिलीच्या खुणा असतात. आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल.

---

पाणंद (दापोली)

तेल जास्त झालं तर काय होतं तेही सांगून टाकतो, कारण ही तक्रार सारखी येते: मशीन उठते, हळू चालते, रेस दिली की वाढत नाही. लोक कार्ब्युरेटर खोलतात. आधी सायलेंसरच्या तोंडाची बारीक जाळी बघा. काजळीने भरलेली असते. जाळी काढून गॅसवर लालसर तापवा आणि ब्रशने झाडा. सायलेंसरच्या मागचं सिलिंडरचं भोकही काळं झालेलं असतं. पिस्टन वर आणून ठेवा म्हणजे भोक पिस्टनने झाकलेलं राहील, आणि बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका. खरवडलेलं बाहेर फुंका, आत नाही.

आणखी सोपं कारण: अॅक्सिलेटरची केबल ताणलेली नसते. ट्रिगर पूर्ण दाबून कार्ब्युरेटरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का बघा. ट्रिगर सोडल्यावर केबलला १ ते २ मिमी सैलपणा हवा.

---

कातळकडा (राजापूर)

भरपूर मिळालं. शाफ्ट ठीक आहे, ड्रमबरोबर पातं फिरतं. शू लोखंडाला लागलेत. ड्रम निळा. पाइपाला बुचापाशी चीर आहे, अगदी सांगितल्याप्रमाणे. आता गिअर हेड. अख्खं बदलू की बेअरिंग आणि सील?

---

सुपारीबाग (गुहागर)

आधी तपासा. प्लगची टोपी काढून, हातमोजे घालून पात्याची कडा वर-खाली हलवा. खडखड झाली तर बेअरिंग गेलं. मग पातं किंचित मागेपुढे फिरवा. थोडा खेळ असतोच. बराच असेल आणि फिरवताना एका ठिकाणी अडखळत असेल तर दाते तुटलेत. दाते गेले असतील तर अख्खं हेड घ्या, गिअरची जोडी सुटी घेऊन मधलं अंतर घरी जुळवणं कठीण. दाते चांगले असतील तर बेअरिंग आणि सील पुरे.

हेड काढायला पाइपावर आवळणारा बोल्ट सैल करा आणि जागा धरणारा छोटा स्क्रू पूर्ण काढा, तो पाइपाच्या भोकात बसलेला असतो. नुसता सैल करून ओढलात तर पाइप चिरतो. मग डावी-उजवीकडे पिळत ओढा. गंजून चिकटलं असेल तर आदल्या रात्री गंजरोधक फवारा मारून ठेवा.

सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) काढा. अॅल्युमिनियमचं हाउसिंग उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा आणि लाकडी फळीवर आपटा, बेअरिंग आपोआप खाली येतं. थंड असताना हातोडीने ठोकून काढलं तर बेअरिंगची जागा सैल होते आणि नवीन बेअरिंग कधीच घट्ट बसत नाही. नवीन बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये, हाउसिंग गरम पाण्यातून काढून कोरडं केलेलं. सरळ सरकतं. ठोकावं लागलंच तर हाउसिंगमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर बसवताना फक्त आतल्या कड्यावर. बॉक्स पान्याचा योग्य मापाचा सॉकेट त्याला छान.

बेअरिंगचा नंबर कडेवर कोरलेला असतो, तोच घ्या. शेवटी झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टू आरएस म्हणजे रबरी सील. आपल्या हवेला टू आरएस. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: शाफ्ट, हाउसिंग, जाडी. सील बसवताना ओठाला आतून ग्रीस लावा, कोरडा ओठ पहिल्याच तासात जळतो.

---

खारवारा (देवगड)

सील का गेलं तेही शोधा, नाहीतर नवंही जाईल. दोन कारणं नेहमीची. एक, पात्याच्या वरच्या कॉलरभोवती गवत आणि पेंढा गुंडाळला जातो, तो आवळत सीलच्या आत शिरतो. भात कापणीला पातं लावणाऱ्यांकडे हे हमखास. दिवसातून दोनदा मशीन बंद करून, टोपी काढून, कोयतीच्या टोकाने तो वेढा कापून टाका. दोन, ग्रीस जास्त भरणं. हेड ठासून भरलं तर तापल्यावर ग्रीस फुगतं आणि सील बाहेर ढकलतं. साधारण दोन तृतीयांश पुरे. लिथियमचं इपी-२ ग्रीस. हेडच्या बाजूला एलन स्क्रूचं भोक असतं, तिथून भरा आणि भरताना शाफ्ट हाताने फिरवत राहा. २० ते २५ तास चालल्यावर परत बघायचं.

---

माडाखालचो (मालवण)

पात्याचो नट उलट्या आट्याचो आसता, ता इसरा नको. घड्याळाच्या काट्यासारखो फिरवलास की सुटता. हेडाच्या भोकात आणि कॉलरच्या भोकात एलन की घालून अडकव, मगे पानो लाव. उलटो जोर लावून लोक आटेच काढतत आणि मगे गिअर हेड खराब म्हणतत.

---

डोंगरउतार (चिपळूण)

अगदी. आणि तो नट झिजतो हे कोणी धरतच नाही. नायलॉनच्या कड्याचा लॉकनट असेल तर हाताने सहज फिरायला लागला की बदला. खालची वाटी (जमिनीवर घासणारी) घासून पातळ झाली की नटाची कडा घासते, मग पाना पकडत नाही. वाटी स्वस्त आहे.

---

वाडीवरची (वेंगुर्ला)

आमच्याकडे फोर स्ट्रोक आहे, जीएक्स-३५ इंजिन. त्याला यातलं काय लागू?

---

पाणंद (दापोली)

ताई, पाइप, फिल्टर, क्लच, गिअर हेड सगळं लागू. मिश्रण मात्र करायचं नाही, साधं पेट्रोल. इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०, फक्त १०० मिली बसतं. पहिल्यांदा १० तासांनी बदलायचं आणि नंतर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. इंजिन समतल ठेवून तेल भोकाच्या कडेपर्यंत. जास्त भरलंत तर ते एअर फिल्टरमध्ये येतं, पांढरा धूर निघतो आणि लोक रिंग गेली म्हणून घाबरतात.

प्लगचं अंतर ०.६ ते ०.७ मिमी. उठायला जड जात असेल आणि प्लग, पेट्रोल दोन्ही ठीक असेल तर व्हॉल्व्हचं अंतर: थंड इंजिनवर इनटेक ०.०८ मिमी, एक्झॉस्ट ०.११ मिमी. फीलर गेजशिवाय हात लावू नका.

फोमचा एअर फिल्टर दोघांचाही सारखाच: साबणाच्या पाण्यात धुवा, पिळवटू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा, चार थेंब इंजिन ऑइल टाकून मळा आणि जास्तीचं दाबून काढा. कोरडा बसवला तर बारीक धूळ आत जाते. कातळावरच्या लाल धुळीला तर अजिबात माफी नाही.

---

पाठपिशवी (लांजा)

पाठीवरच्या मशीनबद्दल कोणीच बोललं नाही. उताराच्या काजूबागेत तीच जास्त. तिच्यात इंजिनापासून दांड्यापर्यंत वळणारी फ्लेक्सिबल शाफ्ट असते आणि झिजणारा मुख्य पार्ट तोच. २०-२५ तासांनी आतली केबल बाहेर ओढा, जुनं ग्रीस पेट्रोलने पुसा, जास्त तापमानाचं ग्रीस पातळ थरात लावा आणि टोकं उलटी करून घाला, दोन्ही टोकं सारखी असतील तर. झीज एकाच वळणावर येत नाही. तारा सुटायला लागल्या की केबल बदला, तुटली की बाहेरचं कव्हरही फाडते. शाफ्टला फार तीव्र वळण देऊन मशीन चालवू नका.

---

कातळकडा (राजापूर)

पात्याचंही सांगा. रानमोडी खूप माजलीय, मध्ये जांभ्याचे दगड आणि नवी कलमं. कोणतं लावू?

---

सुपारीबाग (गुहागर)

एका पात्याने तिन्ही होणार नाही.

मोकळ्या जागेतल्या रानमोडीला, घाणेरीला तीन दातांचं २५५ मिमीचं पातं. करवंदाच्या जाळीचे जाड खोड असेल तर ४० दातांचं, टोकाला कार्बाइड लावलेलं. भाताला ८० दात किंवा अधिक, बरोबर पेंढा एका बाजूला टाकणारा गार्ड.

जांभा वर आलाय तिथे आणि कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी पातं नको, नायलॉनच. तंगूस (नायलॉनची दोरी) २.४ ते ३ मिमी, मशीनच्या ताकदीप्रमाणे. जुनं तंगूस कडक होऊन तुकडे पडत असतील तर रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, पुन्हा लवचिक होतं. बॉबिनवर गुंडाळताना बाणाच्या दिशेने, एकमेकांवर न चढवता. सैल गुंडाळलं की ते तापून आतल्या आत चिकटतं आणि बाहेर येत नाही.

नव्या कलमांच्या बुंध्यापाशी मात्र नायलॉनही नको. साल गोल सोलून निघते आणि कलम मरतं. बुंध्याभोवती हातभर जागा कोयतीनेच.

पात्याचं भोक मोजून घ्या. बहुतेकांचं २५.४ मिमी, काही कंपन्यांचं २० मिमी. रिंग घालून जुळवू नका, मध्य चुकला की दांडा थरथरतो आणि नुकतंच टाकलेलं बेअरिंग परत जातं. दात तुटलेलं किंवा चीर पडलेलं पातं वेल्डिंग करून वापरायचं नाही. धार लावताना सगळे दात सारखे घासा, मग पातं मधल्या भोकातून खिळ्यावर आडवं टांगून बघा कुठली बाजू खाली जाते.

---

डोंगरउतार (चिपळूण)

ऑनलाइन ते साखळीचं डोकं मिळतं, त्यावर जाऊ नका कोणी. कडी तुटली की गोळीसारखी सुटते. युरोपीय महासंघाने असली जोडलेल्या धातूच्या तुकड्यांची डोकी २०१२ मध्ये बाजारातून काढायला लावली, अपघातांमुळेच.

---

माडाखालचो (मालवण)

प्लगाक करंट येणा नसलो तर काय बघूचा? समुद्राकडच्या मशिनींका ह्या लय होता.

---

खारवारा (देवगड)

तुमच्याकडे खाऱ्या हवेने तेच होणार. प्लग नवा लावून बघा, तरी ठिणगी नसेल तर बंद करायच्या स्विचची वायर कॉइलवरून (ठिणगीची वीज तिथे तयार होते) काढा आणि पुन्हा बघा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, स्विच किंवा वायर हिरवी पडून बॉडीला लागतेय. हे इतकं वारंवार होतं की कॉइल विकत घेण्याआधी एवढं केलंच पाहिजे. (वायर काढून ठेवून वापरू नका, मशीन बंद करता येणार नाही.)

तरी नसेल तर फ्लायव्हीलच्या मॅग्नेटवर आणि कॉइलच्या पायांवर गंज चढलाय का बघा. बारीक पॉलिश पेपरने साफ करा. कॉइल परत बसवताना मध्ये अंतर ०.३ मिमीच्या आसपास: साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवा, मॅग्नेट समोर आणा, कॉइल आपोआप चिकटते, स्क्रू आवळा, कार्ड ओढून काढा.

अॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक लोखंडी स्क्रूला जरासं ग्रीस लावूनच बसवा, नाहीतर पुढच्या वर्षी तो स्क्रू निघत नाही, मोडतो. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत, मग पाव ते अर्धा फेरा पान्याने.

---

कातळकडा (राजापूर)

शू, स्प्रिंग, ७८ चा ड्रम, दोन्ही पाइप, फिल्टर आणि हेडची बेअरिंगं-सील आणली. कार्ब्युरेटर तसाच ठेवलाय. बसवल्यावर आधी काय चालवून बघू?

---

पाणंद (दापोली)

आधी पातं न लावता, गार्ड मात्र लावून. पाच मिनिटं हळू चालवा, मग क्षणभर रेस द्या आणि सोडा. रेस सोडल्यावर खालचा शाफ्ट थांबला पाहिजे. हळू चालताना शाफ्ट फिरत राहिला तर आयडलचा (रेस न देता चालायचा वेग ठरवणारा) स्क्रू थोडा थोडा सैल करा. स्क्रू पूर्ण सैल करूनही फिरतोय तर क्लचची स्प्रिंग नीट अडकलेली नाही, परत खोला.

मग पातं लावून आधी मोकळ्या कोवळ्या गवतात. नवे शू ड्रमला घासून बसेपर्यंत रानमोडीच्या जाळीत घालू नका. आणि अर्ध्या रेसवर कधी कापू नका. क्लच अर्धवट पकडून घसरत राहतो, तुमचा आधीचा क्लच बहुधा त्यानेच करपला. कापताना पूर्ण रेस, थांबताना सोडून द्या, मधलं काही नाही.

आयडल एकदा वर, एकदा खाली होत असेल तर कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधल्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. तिथे कार्ब क्लीनरचा अगदी बारीक फवारा मारा, सायलेंसरच्या बाजूला जाऊ न देता. आवाज बदलला तर गॅस्केट. नाही बदलला तर क्रँकचं सील, आणि त्याला फ्लायव्हील काढायला पुलर लागेल.

---

कातळकडा (राजापूर)

स्टार्टरची दोरीही एका जागी उसवलीय. ती आत्ताच बदलून टाकू का? आणि स्प्रिंग उडते म्हणतात.

---

सुपारीबाग (गुहागर)

आत्ताच करा, रानात तुटली तर दिवस गेला. ३ ते ३.५ मिमी जाडीची, जुनी मोजून तेवढीच लांब, साधारण एक मीटर. सुताराकडची साधी नायलॉन नको, विणलेली स्टार्टरचीच घ्या. दोन्ही टोकं काडीने वितळवून दाबा.

पुली सहसा काढावी लागत नाही, म्हणजे स्प्रिंग उडायचा प्रश्नच नाही. पुली ताण चढायच्या दिशेने पूर्ण फिरवून घ्या, दोन-तीन फेरे परत सोडा आणि दोरीचं भोक बाहेरच्या भोकासमोर आणून चिमट्याने धरा. दोरी ओवा, आत गाठ, मग मुठीत गाठ. हळू सोडा. मूठ घराला घट्ट येऊन बसली पाहिजे आणि दोरी पूर्ण ओढल्यावर पुली हाताने आणखी अर्धा फेरा तरी फिरली पाहिजे. तेवढी जागा उरली नाही तर ताण जास्त झालाय, एक फेरा कमी करा, नाहीतर स्प्रिंग टोकाला तुटेल.